सुधारशाळेची सव्वाशे वर्षं

१८५९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वेस्टबरो गावच्या सरकारी सुधारशाळेला तिथल्याच एका पंधरा वर्षांच्या मुलानं आग लावली. इमारतीचा बराचसा भाग जळून गेला. शाळेला तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती, आणि तिची कीर्ती तर अशी की अमेरिकेतली इतर राज्यं तिच्याकडे नमुना म्हणून पाहत होती. मुलाला मात्र ती जाळावीशी वाटली.

शाळेमागचा हेतू अगदी निर्मळ होता. तोपर्यंत चोरी करताना सापडलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा मोठ्या गुन्हेगारांच्याच कोठडीत जायचा आणि बाहेर येताना तिथला धंदा शिकून यायचा. बॉस्टनचे माजी महापौर थिओडोर लायमन यांना हे बघवेना. मुलांसाठी वेगळी जागा हवी, शेत हवं, हाताला काम हवं, फळ्यासमोर बसवून शिकवणारा मास्तर हवा, असा त्यांनी आग्रह धरला आणि पदरचे हजारो डॉलर सरकारला दिले. अट एकच घातली, देणाऱ्याचं नाव बाहेर फुटता कामा नये. १८४९मध्ये ते वारले. मृत्युपत्रातून आणखी ५० हजार डॉलर आले तेव्हा दाता कोण होता ते लोकांना कळलं. दानाची पाटी आधी आणि दान नंतर, अशी रीत पाहिलेल्या आपल्यासारख्यांना या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पण तीनशे मुलांसाठी बांधलेली ती शाळा थोड्याच वर्षांत दुपटीच्या दिशेनं भरली. न्यायाधीशांना ती सोयीची वाटू लागली. तुरुंगात धाडताना मन कचरत असे तिथे शाळेत धाडताना कचरण्याचं कारण उरलं नाही. शिक्षेला मुदत असते, सुधारणेला कसली? सज्ञान होईपर्यंत मूल शाळेत राहू शकत होतं. एखादी किरकोळ चोरी आणि त्यापायी पाच-सात वर्षं, असा हिशेब सहज होऊन जाई.

गंमत म्हणजे त्याच काळात, त्याच बॉस्टनमध्ये दुसरीही एक वाट पडत होती. जॉन ऑगस्टस नावाचा जोडे बनवणारा कारागीर १८४१ साली पोलीस कोर्टात गेला आणि एका दारुड्याला त्यानं स्वतःच्या हमीवर सोडवून आणलं. माणूस ताळ्यावर आला. मग ऑगस्टस रोजच कोर्टात जाऊ लागला. पुढे मुलांनाही तो हमीवर सोडवू लागला. त्यांना कुठे कामाला लाव, कुठे शाळेत घाल, तारखेला बरोबर घेऊन ये, असं त्याचं चालायचं. त्याचा जोड्यांचा धंदा यात बसला. कारकुनांची फी बुडते म्हणून कोर्टातले लोक त्याच्यावर खार खाऊन होते. १८५९मध्येच तो मेला, तोवर सुमारे १९०० माणसांसाठी तो जामीन राहिला होता. पगार नाही, कचेरी नाही, कोनशिला नाही. आज जगभर ज्याला प्रोबेशन म्हणतात त्याचं मूळ या माणसाच्या उद्योगात आहे, आणि १८७८ साली मॅसॅच्युसेट्सनं त्याचा रीतसर कायदाही केला. तरी सरकारी तिजोरीचा ओघ राहिला इमारतीकडेच. इमारत दाखवता येते, तिचं उद्घाटन करता येतं, तिच्यात नोकऱ्या देता येतात. एका माणसानं एका पोराची हमी घेणं, यात पाहुण्यांना फिरवून दाखवण्यासारखं काय असणार?

आगीनंतर शाळेची नवी मांडणी झाली. मोठ्या बराकीऐवजी लहान घरं आणि त्यात कुटुंबासारखी राहणारी मुलं, अशी कल्पना निघाली. मुलींसाठी लँकेस्टरला १८५६ साली उघडलेली शाळा याच धर्तीची होती. पुन्हा काही वर्षं बरी गेली. १८७७मध्ये वेस्टबरोत दंगल उसळली, विधिमंडळानं चौकशी लावली आणि मुलांना अरुंद उभ्या पेटीत कोंडण्याची, थंड पाण्याचा मारा करण्याची प्रकरणं बाहेर आली. पुन्हा हळहळ, पुन्हा सुधारणा. १८८०च्या दशकात शाळा नव्या जागी गेली आणि तिला दात्याचं नाव मिळालं, लायमन स्कूल फॉर बॉइज. ज्यानं हयातभर नाव लपवलं त्याच्या नावाची पाटी नेमकी या दारावर लागली.

हे चक्र इथे मुद्दाम विस्तारानं सांगतो आहे, कारण पुढची नव्वद वर्षं ते असंच फिरत राहिलं. गवगवा, चौकशी, नवा अधीक्षक, नवा रंग, मग विसर. हे फक्त तिकडचं आहे असंही नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली सुधारशाळा १८५७ची, म्हणजे वेस्टबरोच्याच पिढीतली. आणि ज्या डोंगरीच्या तुरुंगात टिळक आणि आगरकर १८८२ साली १०१ दिवस होते, त्याच आवारात पुढे मुलांचं रिमांड होम आलं. भिंती त्याच राहतात, आतल्या माणसांना नावं नवी मिळतात.

मॅसॅच्युसेट्सच्या या शाळांत येत कोण होतं, हेही पाहायला हवं. चोऱ्या करणारी आणि मोटारी पळवणारी मुलं होतीच. पण शाळा बुडवणारी, घरातून पळालेली, आईबापांना डोईजड झालेली मुलंही कमी नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात ‘हट्टी मूल’ हा गुन्हाच होता. वसाहतीच्या काळात, १६४६ साली, आईबापांचं न ऐकणाऱ्या सोळा वर्षांवरच्या मुलाला देहदंडाची तरतूद प्युरिटन मंडळींनी बायबलच्या आधारानं केली होती. देहदंड पुढे गेला, गुन्हा राहिला. चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी, १९६९मध्येही, बॉस्टनमधल्या मुलीला हट्टीपणाबद्दल कोर्टात उभं करता येत होतं. उलट्या उत्तरांसाठी कोठडी!

१८९९ साली शिकागोत मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय निघालं आणि ती कल्पना देशभर पसरली. न्यायाधीश हा वडिलांसारखा, मग वकील कशाला, पुरावे कशाला, असा तिचा सूर होता. त्याचा हिशेब १९६७मध्ये चुकता झाला. ॲरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला, शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून, एकविसावं वर्ष लागेपर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला होता. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्याबद्दल ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हुकूम रद्द केला आणि मुलालाही वकिलाचा, साक्षीदारांच्या उलटतपासणीचा हक्क आहे असं सांगितलं. निकालानं न्यायालयाचं दार उघडलं. सुधारशाळेचं दार मात्र होतं तसंच राहिलं.

ते उघडण्याची पाळी जेरोम मिलर यांच्यावर आली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या सुधारशाळांचा बभ्रा इतका झाला की जुने प्रमुख पायउतार झाले, नवा कायदा होऊन युवक सेवा विभाग स्थापन झाला आणि राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट यांनी ऑक्टोबर १९६९मध्ये मिलर यांना आयुक्त नेमलं. मिलर चाळिशीच्या आतले होते. मूळचे मिनेसोटाचे, तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकलेले, मग हवाई दलात मनोरुग्णांबरोबर काम करणारे समाजकार्यकर्ते, आणि नेमणुकीच्या वेळी ओहायोत प्राध्यापक. सरकारी खातं चालवण्याचा अनुभव जवळजवळ नाही. राजकारणातली मुरलेली माणसं अशा नेमणुकीकडे पाहून हसतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं हसणं बरोबर ठरतं.

मिलर यांच्या मनात सुरुवातीला शाळा बंद करण्याचा विचार नव्हता. माणुसकी आणू, मारहाण थांबवू, कर्मचाऱ्यांना शिकवू, एवढंच होतं. न सांगता ते शाळांमध्ये जाऊ लागले. ब्रिजवॉटरला सर्वांत ‘अवघड’ मुलं ठेवत. तिथे आणि इतरत्र पाहिलेल्या-ऐकलेल्या शिक्षा त्यांनी नंतर लिहून ठेवल्या. तळपायांवर मारणं, तासन्‌तास गुडघ्यांवर बसवणं, संडासाच्या भांड्यात डोकं घालणं, उघडंनागडं करून एकान्त कोठडीत टाकणं. मुलांच्या डोक्यावरून आल्याबरोबर यंत्र फिरे. एका जागेहून दुसरीकडे जाताना रांगेत, मुकाट्यानं चालायचं. काही शाळांतल्या नोकऱ्या आमदारांच्या शिफारशीनं मिळत आणि गावात पिढीजात चालत, त्यामुळे वरचा साहेब येतो आणि जातो, हे खालच्यांना पक्कं ठाऊक होतं.

मिलर यांचे पहिले हुकूम साधे होते. मुलांचे केस कापायचे नाहीत, स्वतःचे कपडे घालू द्यायचे, मुकी रांग बंद. आज वाचताना यात क्रांती काय असं वाटेल, पण सगळ्यात मोठा भडका केसांवरूनच उडाला. तो हिप्पींचा काळ होता आणि पोराचे लांब केस हा कर्मचाऱ्यांना आपल्या अधिकाराचा अपमान वाटला. मग मिलर यांनी स्कॉटिश मनोविकारतज्ज्ञ मॅक्सवेल जोन्स यांना बोलावलं. मुलं आणि कर्मचारी गोल बसून बोलतील, नियम मिळून ठरवतील, अशी जोन्स यांची उपचार-समूहाची पद्धत होती. काही घरांत ती रुजली. बऱ्याच ठिकाणी कर्मचारी हाताची घडी घालून बसले. मुलं पळू लागली, वर्तमानपत्रांत पळालेल्यांचे आकडे छापून येऊ लागले. कर्मचाऱ्यांपैकी काही जण मुद्दाम दार उघडं टाकत, पळायला फूस देत, असं मिलर यांनी पुढे लिहिलं आहे.

मिलर यांनीही डाव शिकून घेतले. मुलांना त्यांनी समित्यांपुढे, महिला मंडळांपुढे, कॅमेऱ्यापुढे बोलतं केलं. शर्लीच्या शाळेत नऊ नंबरचं घर शिक्षेच्या कोठड्यांसाठी बदनाम होतं. तिथल्या मुलांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या हाती घण देऊन त्या कोठड्या फोडायला लावल्या. खर्चाचा मुद्दा तर त्यांचा हातखंडा. सरकार एका मुलाला कोंडण्यावर वर्षाला जेवढं उधळतं तेवढ्यात त्याला हार्वर्डला शिकवून वर हातखर्चही देता येईल, असं ते सभांमधून ऐकवत. मुलांच्या कळवळ्यानं न द्रवणारे करदाते हा हिशेब ऐकून कान टवकारत.

दोन वर्षं अशी गेली आणि मिलर यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपण केलेली प्रत्येक सुधारणा आपण खुर्चीत आहोत तोवरच टिकणार. चांगला अधीक्षक नेमला तर तो गेल्यावर जुना येईल. कोठडी रिकामी ठेवली तर उद्या कुणी तरी ती भरेल. शाळेला सव्वाशे वर्षांत किती चांगली माणसं येऊन गेली, आणि शाळेनं त्या सगळ्यांना पचवलं. तेव्हा भांडायचं असेल तर इमारतीशीच. आणि भांडण असं हवं की नंतर येणाऱ्याला मागे फिरता येऊ नये.

ब्रिजवॉटर १९७०मध्येच बंद झालं होतं. १९७१-७२च्या हिवाळ्यात मिलर यांनी वेग घेतला. नव्या कायद्यात एक कलम होतं, त्याचा अर्थ असा की विभाग मुलांच्या सांभाळासाठी बाहेरच्या संस्थांना पैसे देऊ शकतो. ते करताना कुणाच्या मनात एवढा मोठा बदल असेल असं वाटत नाही. मिलर यांना तेवढी फट पुरली. केंद्र सरकारकडून गुन्हेगारी-प्रतिबंधाच्या नावानं अनुदान मिळत होतं, तेही हाताशी होतं. जानेवारी १९७२मध्ये, विधिमंडळाची मंडळी घरी असताना, मोटारींचा ताफा लायमन स्कूलच्या आवारात शिरला. मुलांना गाड्यांत बसवलं आणि ताफा निघाला तो ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडे. तिथल्या वसतिगृहात शंभराच्या आसपास मुलामुलींना महिनाभर ठेवलं, प्रत्येकाला एकेक विद्यार्थी जोडून दिला. रोज बरोबर राहायचं, बोलायचं आणि याला पुढे कुठे धाडावं ते त्याच्याशी बोलून ठरवायला मदत करायची, हे त्या विद्यार्थ्याचं काम.

महिन्याभरात काही मुलं घरी गेली, काही पालक-कुटुंबांत, काही वस्तीतल्या लहान निवासांत. थोडी पळालीही. विद्यापीठाच्या आवारात गुन्हेगार पोरं आणून सोडली म्हणून ओरड झाली, पण अनर्थ घडला नाही. तोवर शर्ली बंद झालं होतं. लायमनचं दार मिटलं. अगदी लहान मुलांसाठी असलेली ओकडेलची शाळाही त्याच वसंतात संपली. देशातली पहिली सरकारी सुधारशाळा सुरू करणाऱ्या राज्यानं आपल्या सुधारशाळा गुंडाळणारं पहिलं राज्य होण्याचा मान मिळवला.

इथपर्यंतची गोष्ट शौर्याची आहे, आणि मिलर यांचे चाहते ती इथेच थांबवतात. पुढचा भाग तितका देखणा नाही. शाळा बंद झाल्या, तरी कायम नोकरीतल्या कर्मचाऱ्यांना काढता येत नव्हतं. मुलं नसलेल्या इमारतींवर पहारा देत लोक पगार घेत राहिले. बाहेरच्या संस्था घाईघाईनं उभ्या राहिल्या. त्यांची बिलं महिनोन्‌महिने अडकली, काही निवास चालकांच्या उत्साहावर चालले आणि उत्साह संपल्यावर बंद पडले. कोणतं मूल कुठे आहे याच्या नोंदींचा गोंधळ झाला. खरोखर धोकादायक मुलांसाठी बंदिस्त जागा किती लागतील, हा प्रश्न मिलर यांनी अर्धवट सोडला, आणि न्यायाधीश व पोलीस त्यावरून पुढची कित्येक वर्षं चिडलेले राहिले. विधिमंडळाच्या समित्यांनी कारभाराची चिरफाड केली, आणि कारभारापुरतं बोलायचं तर त्यांचं फारसं चुकलं नाही. जानेवारी १९७३मध्ये मिलर इलिनॉयला निघून गेले. सव्वातीन वर्षांत त्यांनी जे मोडलं ते सावरायला पुढच्या आयुक्तांना दहा वर्षं लागली. तरीही हळूहळू केलं असतं तर झालं असतं का, असं विचारलं तर मला वाटतं, नसतं झालं. पुढच्या अधिवेशनात कुणी तरी अभ्यास समिती नेमली असती आणि लायमन स्कूलला नवा रंग लागला असता.

नव्या व्यवस्थेत राज्याचे सात विभाग झाले. एका मुलामागे एक तरुण कार्यकर्ता, दिवसातून अनेकदा भेटणारा, रात्री फोन करून घरी आहेस ना विचारणारा, शाळेत, कामावर, कोर्टात बरोबर जाणारा, अशी ‘ट्रॅकर’ची पद्धत तिथे वाढली. जॉन ऑगस्टसनं पोरांसाठी जे फुकट केलं होतं तेच आता पगारी झालं.

हार्वर्डच्या लॉइड ओहलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा बदल सुरू असतानाच वर्षानुवर्षं पाहिला, मोजला. निष्कर्ष कुणाच्याच सोयीचा निघाला नाही. साऱ्या राज्याचा हिशेब घेतला तर पुन्हा गुन्ह्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण घटलं नव्हतं. पण ज्या विभागांत नाना तऱ्हेचे कार्यक्रम खरोखर उभे राहिले, मुलाला त्याच्या गावातली माणसं जोडून दिली गेली, तिथे चित्र चांगलं होतं. जिथे नुसती शाळा बंद झाली आणि जागी काही आलं नाही, तिथे वाईट. विरोधकांनी पहिलं वाक्य उचललं, समर्थकांनी दुसरं. १९७७मध्ये एका कृतिगटानं तपासून सांगितलं की विभागाकडच्या मुलांपैकी दहा-अकरा टक्क्यांनाच कुलूपबंद जागेची गरज आहे. १९८९मध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, व्यवस्था स्थिरावल्यानंतर, मॅसॅच्युसेट्सची मुलं पुन्हा गुन्ह्यात पडण्याच्या बाबतीत मोठमोठ्या सुधारशाळा चालवणाऱ्या राज्यांच्या मानानं बरी निघाली.

‘हट्टी मुला’चा गुन्हा १९७३च्या कायद्यानं पुसला गेला. १९७४मध्ये केंद्रानं राज्यांना अनुदान देताना अट घातली की शाळा बुडवणं, पळून जाणं असल्या गोष्टींसाठी मुलांना कोंडायचं नाही. मिझुरी राज्यानं १९८३मध्ये बूनव्हिलची शेकडो मुलांची शाळा बंद करून लहान निवास सुरू केले, आणि तिथली पद्धत पाहायला पुढे देशभरातून अधिकारी येऊ लागले. मिलर पेनसिल्व्हेनियात गेले, तिथे मोठ्यांच्या तुरुंगात ठेवलेली मुलं बाहेर काढण्यात गुंतले, आणि २०१५ साली वारले. त्याच वर्षी आपल्या संसदेनं २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतरच्या संतापात कायदा बदलला आणि घोर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर मोठ्यांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

अमेरिकेत ती लाट वीस वर्षं आधी येऊन गेली होती. नव्वदच्या दशकात ‘महाभयंकर’ पोरांची पिढी येऊ घातली आहे असं भाकीत पसरलं. पिढी आली नाही, कायदे आले. मॅसॅच्युसेट्सनंही १९९६मध्ये खुनाचा आरोप असलेल्या चौदा वर्षांवरच्या मुलांना थेट मोठ्यांच्या न्यायालयात नेलं आणि बंदिस्त जागा वाढवल्या. २०१३मध्ये उलट दिशेनं जात सतरा वर्षांची मुलंही त्यांनी बाल न्यायालयाकडे दिली. कायदा असा मागे-पुढे होत राहिला. लायमन स्कूल मात्र या सगळ्या काळात कुणी पुन्हा उघडलं नाही.